दोन वाटा, एक काटा

गेल्या गाळप हंगामातली एक रात्र आम्ही विसरलेलो नाही. काट्यापुढे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लांब रांग होती. अकराच्या सुमारास पावती निघेनाशी झाली. काटा चालू, संगणक चालू, वजनाचा आकडाही समोर दिसतोय. पण पावती काही छापेना. चौकशी केली तेव्हा कळले, की शिवारात पाईपलाईनची चारी काढताना जेसीबीखाली इंटरनेटची केबल तुटली. आपल्याकडची पद्धत अशी होती, की वजन आधी बाहेरगावच्या संगणकावर नोंदायचे आणि तिकडून होकार आला की मगच पावती छापायची. नेट गेले, होकार थांबला आणि काटाही थांबला.

रांगेतले एक सभासद म्हणाले, "साहेब, तुमचं नेट तुम्ही बघा. दोन दिस झाले तोडून, माझा ऊस वाळायलाय की इथं!"

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तोडलेला ऊस जितका थांबतो तितके वजन घटते आणि उताराही पडतो. पहिले नुकसान सभासदाचे. दुसरे कारखान्याचे, म्हणजे फिरून सभासदाचेच.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही टॉवरवरून चालणारे दुसरे कनेक्शन घेतले. आणि इथेच आमची चूक झाली. दोन्ही कंपन्यांच्या पेट्या आम्ही ऑफिसच्या एकाच जाळ्यात सरळ खुपसून दिल्या. वाटले, विहीर आणि बोअर एकाच पाईपला जोडावी तसे होईल, पाणी दुप्पट येईल. झाले उलटेच. कधी शेतकी विभागाचे नेट बंद, कधी हिशेब खात्याचे. कारण असे, की अशी प्रत्येक पेटी ऑफिसातल्या संगणकांना नंबर वाटत असते. यार्डात दोन माणसे आपापल्या वहीतून नंबर देऊ लागली तर बारा नंबरच्या दोन गाड्या उभ्या राहतील आणि भांडणे होतील. तसेच ते झाले.

यावर उपाय म्हणजे दोन तोंडांचा एक राउटर. त्याला 'ड्युअल वॅन' म्हणतात. दोन्ही कंपन्यांच्या तारा त्याच्या दोन तोंडांत, आणि आतले सगळे संगणक त्याच्या हाताखाली. नंबर देणारा एकच, आणि कोणी कोणत्या वाटेने जायचे हे ठरवणाराही तोच.

आता काहीजण विचारतात, "दोन कनेक्शन म्हणजे स्पीड डबल ना?" तसे नाही. गावातून कारखान्याला दोन रस्ते असले म्हणून एक ट्रॉली अर्धी इकडून आणि अर्धी तिकडून येत नाही. ती एकाच रस्त्याने येणार. मात्र वीस ट्रॉल्या असतील तर दहा-दहा वाटून देता येतात आणि कोंडी फुटते. राउटरही तेच करतो. एक मोठी फाईल एकाच वाटेने येते. कामे अनेक असली की ती दोन्हीकडे वाटली जातात.

बँकेच्या कामाला मात्र आम्ही वाट बांधून दिली आहे. व्यवहार मध्यावर असताना वाट बदलली, तर हा माणूस दुसराच दिसतो म्हणून बँकेचा संगणक दार लावून घेऊ शकतो. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचे असते. त्या कामात असली गंमत परवडणारी नाही.

दुसऱ्या वाटेचा खरा उपयोग वेगासाठी नाही, भरवशासाठी आहे. पहिली लाईन गेली की राउटर सगळे काम दुसरीवर टाकतो. पण लाईन गेली हे त्याला कळले पाहिजे. पेटीवरचा दिवा हिरवा आणि पुढे पाच मैलांवर केबल तुटलेली, असेही होते. म्हणून शेजारच्या पेटीला विचारून भागत नाही. बाहेरच्या दूरच्या पत्त्याला दर थोड्या वेळाने 'आहेस का?' असे विचारायला राउटरला सांगून ठेवावे लागते.

वाटाही खरोखर वेगळ्या हव्यात. दोन कंपन्या, पण केबल एकाच चारीतून, तर एकाच फावड्यात दोन्ही जातात. एकाच धरणावर दोन नळयोजना केल्या म्हणून काय उपयोग? २०१६ साली मांजरा धरण आटले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. हा धडा आपल्या भागाला कोणी शिकवायला नको.

साखर कारखान्याने संगणकाचे जाळे विणावे ही गोष्ट नवी नाही. वारणानगरच्या परिसरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी १९९८ साली असा प्रकल्प सुरू झाला होता. आपल्या उसाचे वजन, आपले बिल गावातच कळावे, हा त्यातला एक हेतू. पुढे तिथेच संगणकाऐवजी मोबाईलच्या संदेशाने तीच माहिती देऊन पाहण्याचा प्रयोगही झाला. साधन बदलले, सभासदाचा प्रश्न तोच राहिला : माझा ऊस किती भरला?

म्हणून आम्ही सगळ्यात मोठा बदल केला तो राउटरचा नव्हे. आता वजन आधी काट्यावरच्याच संगणकात नोंदले जाते, पावती तिथेच छापते, आणि नोंद बाहेर जायची ती नेट असेल तेव्हा जाते. दोन्ही लाईनी गेल्या तरी काटा थांबणार नाही. राउटर आणि पेट्या इन्व्हर्टरवर घेतल्या आहेत. वीज गेल्यावर दोन वाटा असून काय करणार? आणि दर सोमवारी सकाळी आम्ही मुद्दाम एक तार काढून बघतो. न चालवलेला पंप ऐन वेळी चालत नाही, हे आपल्याला सांगायला नको.

सभासद बंधूंना दोन विनंत्या. मोबाईलवर वजनाचा संदेश उशिरा आला तर घाबरू नये. हातातली पावती जपून ठेवावी आणि संदेश आला की आकडा ताडून पाहावा. फरक दिसला तर थेट शेतकी ऑफिसला यावे. आणि शिवारात चारी काढण्याआधी केबल कुठून गेली आहे ते एकदा विचारावे. त्या रात्री ज्यांनी चारी काढली त्यांचा दोष नाही, तिथे खूणच नव्हती. आता आपल्या हद्दीत आम्ही खुणेचे दगड रोवतो आहोत. तेवढे सांभाळावेत, ही नम्र विनंती.