जॉब कार्डावरची सही

मी गंगाखेडचा. शाळेतून निवृत्त झाल्यावर मुलाने एक लहान मोटार घेऊन दिली. त्या कंपनीचे अधिकृत वर्कशॉप आमच्या गावात नाही, त्यामुळे सर्व्हिसिंगसाठी शेजारच्या जिल्ह्यातल्या शहरात जावे लागते. गेल्या वर्षी मे महिन्यात असाच सकाळी सातला निघालो. आदल्या दिवशी फोनवर विचारले होते, तेव्हा "सात-आठ हजार होतील, सर" असे उत्तर मिळाले होते. संध्याकाळी हातात बिल पडले ते १४,८६० रुपयांचे. दोन पाने भरून नोंदी.

मी ते बिल भरले. का भरले, हे मीच मला पुष्कळदा विचारले आहे. सहा वाजून गेले होते, सौभाग्यवती सोबत होती, रस्ता लांबचा होता. बसायला थंडगार खोली दिली होती, दोनदा चहा पाजला होता. अशा ठिकाणी चार लोकांसमोर हुज्जत घालायची लाज वाटते. आठवडी बाजारात मेथीच्या जुडीवरून दोन रुपयांची घासाघीस करणारा मी, तिथे सात हजार जास्तीचे गुपचूप मोजून आलो.

रात्री घरी चष्मा लावून बिल वाचायला बसलो. गाडीसोबत कंपनीची जी पुस्तिका येते, ती आयुष्यात पहिल्यांदा उघडली. पुस्तिकेप्रमाणे माझ्या गाडीला फिल्टर बदलताना ३.१ लिटर ऑइल लागते. बिलात ४ लिटर लावले होते. पुढचे ब्रेक पॅड बदलले होते. इंजिनची कार्बनसफाई, एसीचे निर्जंतुकीकरण, उंदीर येऊ नयेत म्हणून फवारणी, आणि शेवटी 'किरकोळ साहित्य, ३५० रुपये'. यातले एकही काम मी सांगितले नव्हते. पुस्तिकेतल्या तक्त्यात, त्या किलोमीटरला करायच्या कामांत, यातले काहीच नव्हते.

एअर फिल्टरचे रिकामे खोके मात्र डिकीत विसरले होते. त्यावर छापील किंमत ५९० रुपये, सर्व करांसह. बिलात काय होते? ५९० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ६९६ रुपये २० पैसे. आता हे नीट समजून घ्या, कारण ही चूक बिलात सहज खपून जाते. छापील किमतीत कर आधीच धरलेला असतो. ५०० रुपयांचा माल आणि ९० रुपयांचा कर मिळून ते ५९० होतात. छापील किमतीवर पुन्हा कर लावणे म्हणजे एमआरपीपेक्षा जास्त घेणे, आणि त्याला कायद्याने मनाई आहे. त्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत वजन-मापे खात्याकडे करता येते.

मी परत गेलो. मॅनेजर अतिशय सभ्य. फिल्टरचे १०६ रुपये आणि जास्तीच्या ऑइलचे पैसे त्याने लगेच परत केले. बाकीच्या कामांबद्दल विचारले, तर त्याने एक पिवळा कागद माझ्यापुढे सरकवला. "सर, जॉब कार्डावर तुमची सही आहे." खाली बारीक इंग्रजीत छापले होते की, तपासणीत आवश्यक वाटेल ते जादा काम करायला ग्राहकाची संमती आहे. पस्तीस वर्षे मुलांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' म्हणून शिकवले, आणि स्वतः सकाळच्या घाईत न वाचता सही करून मोकळा झालो होतो.

हे सगळे लोक चोर असतात, असे मी म्हणणार नाही. काउंटरवर आपली गाडी लिहून घेणारा जो तरुण असतो, त्याला महिन्याचे उद्दिष्ट दिलेले असू शकते: इतक्या गाड्यांना इतकी सफाई, इतक्या फवारण्या. पगाराचा काही भाग त्यावर ठरतो. मग तो विचारतो, "सर, करून टाकू?" आणि आपण म्हणतो, "बघा, लागत असेल तर करा." त्याला तेवढेच हवे असते.

ब्रेक पॅडचे घ्या. नव्या पॅडचे अस्तर साधारण १० मिलिमीटर जाड असते आणि ३ मिलिमीटरच्या आसपास आले की बदलावे लागते. माझे किती राहिले होते, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. जुने पॅड मी मागितले नाहीत, ते भंगारात गेले. उलट, एअर फिल्टरबद्दल मी वर्कशॉपला दोष देत नाही. धूळभऱ्या रस्त्यांवर फिल्टर लवकर बदला, असे पुस्तिकेतच लिहिलेले असते आणि आपल्याकडचा उन्हाळ्यातला काळ्या मातीचा फुफाटा तर सगळ्यांना ठाऊक आहे.

माझे गेले ते पेन्शनीतले पैसे. पण आमच्या गल्लीत एक जण काळीपिवळी जीप चालवतो, त्याचे जे झाले ते जास्त जिव्हारी लागणारे आहे. ऐन लग्नसराईत क्लच गेला, म्हणून त्याने जीप एका डीलरच्या वर्कशॉपला लावली. तीन दिवस सांगितले, अकरा दिवस ठेवली. बिल झाले ३८,००० रुपये. व्याजाने पैसे काढून त्याने जीप सोडवली आणि आठव्या दिवशी क्लच पुन्हा घसरू लागला. माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, पैशाचं जाऊ द्या हो, पण माझे धंद्याचे दिवस गेले ना."

त्याचे बिल आम्ही दोघांनी वाचले. क्लच बदलण्याच्या मजुरीत गिअरबॉक्स उतरवणे धरलेले होते. खाली ऑइल सील बदलण्याची मजुरी वेगळी होती, आणि त्यातही गिअरबॉक्स उतरवणे धरलेले होते. आता गिअरबॉक्स काय दोनदा उतरवला? अधिकृत वर्कशॉपमध्ये मजुरी घड्याळ लावून घेत नाहीत. कंपनीने प्रत्येक कामाला ठराविक वेळ नेमून दिलेला असतो आणि त्याप्रमाणे आकारणी होते. त्यात गैर काही नाही. पण दोन कामे एकाच उघडझापीत झाली, तर ती उघडझाप एकदाच धरायला हवी. मोठ्या बिलात हे आवर्जून बघावे.

बिल पटत नाही म्हणून गाडी तशीच घेऊन जातो म्हटले, तर ते सोडत नाहीत. यात कायदा त्यांच्या बाजूने आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर मेहनत वा कसब खर्च केले, त्याला ठरलेला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. तेव्हा दारात भांडण्यापेक्षा पैसे द्यावेत, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर 'आकारणी मान्य नाही, हक्क राखून रक्कम दिली' असे लिहून, सही करून, तारीख घालावी. त्या एका ओळीने पुढची तक्रार जिवंत राहते. जीपवाल्याने ती लिहिली नव्हती, मीही नव्हती.

तरी त्याचे थोडे जमले. एका जाणत्या मिस्त्रीकडून क्लचची तपासणी करून लेखी घेतले. वर्कशॉपला रजिस्टर पोस्टाने पत्र धाडले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली; तिथे मराठीतही बोलता येते. तक्रार कंपनीकडे गेली आणि तिसऱ्या आठवड्यात वर्कशॉपचाच फोन आला. क्लच फुकट बसवून दिला, दुबार मजुरी परत केली. लग्नसराईचे अकरा दिवस मात्र कुणी भरून दिले नाहीत.

तेवढ्यावर भागले नसते, तर आम्ही परभणीला जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो. पूर्वी आपण ज्याला ग्राहक मंच म्हणायचो, तोच हा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा असा कायदाच नव्हता. तो १९८६ साली आला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यात आपल्यासारख्या जिल्ह्याला फार उपयोगी अशी एक सोय आहे. वर्कशॉप नांदेडला असो की छत्रपती संभाजीनगरला, ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार दाखल करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. आणि जीपवाल्याला वाटत होते तसे, 'धंद्याची गाडी म्हणून आपण ग्राहक नाही', हेही खरे नाही. गाडी घेऊन, ती स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला हा कायदा ग्राहकच मानतो.

निकाल तीन महिन्यांत लागावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. म्हणून मी आयोगाला शेवटची पायरी समजतो. आणि तिथेही प्रश्न एकच: तुमच्याजवळ कागद काय आहे?

'बाहेरच्या मिस्त्रीने हात लावला तर वॉरंटी गेली' अशी भीती वर्कशॉपमध्ये घातली जाते. तिचाही निवाडा झाला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देता कंपन्या बाजार आपल्याच मुठीत ठेवतात, हा त्यांच्यावरचा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, त्या दुरुस्तीने जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असेही आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. तेव्हा वॉरंटीच्या काळात मुद्दाम वाद ओढवून घ्या असे मी सांगणार नाही. पण वॉरंटी संपलेल्या गाडीचे ऑइल परभणीच्या चांगल्या गॅरेजमध्ये बदलायला घाबरण्याचे कारण नाही.

या वर्षी पुन्हा त्याच वर्कशॉपला गेलो. आदल्या रात्री पुस्तिकेतला तक्ता वहीत उतरवून घेतला होता. तरुणाने जॉब कार्ड पुढे केले. मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळे वाचले. खालची संमतीची ओळ खोडली आणि हाताने मराठीत लिहिले: 'वरील कामांशिवाय दुसरे काम फोनवर विचारल्याशिवाय करू नये. बदललेले सर्व जुने भाग परत द्यावेत.' अंदाजी खर्च त्याच्याकडून आकड्यात लिहून घेतला, किलोमीटरची नोंद पाहिली, मग सही केली आणि कार्डाचा मोबाइलवर फोटो काढला. मागे रांगेत दोन-चार जण ताटकळत होते. त्यातल्या एकाने माझ्या कागदात डोकावून पाहिले आणि तरुणाला म्हणाला, "माझं बी कार्ड द्या बरं इकडं."

दुपारी फोन आला. "सर, मागचे ब्रेक लायनर बदलावे लागतील." मी म्हटले, मी येतो, चाक उतरवलेलेच ठेवा. तिथे मिस्त्रीने स्वतः लायनर दाखवला. थोडा ओशाळून म्हणाला, "अजून पाच-सात हजार किलोमीटर जाईल, काका."

बिल झाले ६,९४० रुपये. मागच्या सीटवर प्लॅस्टिकच्या पिशवीत जुना ऑइल फिल्टर आणि जुना एअर फिल्टर होता. पिशवीतून काळे ऑइल गळून सीटला डाग पडला, त्यावरून घरी जे ऐकावे लागले ते वेगळेच.