चार, पाच आणि सहा नंबरचं कोर्ट

सहा कोर्टांवर एकाच वेळी सहा सिंगल्स चालू असतात आणि कोच असतात दोन, फार तर तीन. बहुतेक वेळा हेड कोच एक, दोन, तीन नंबरच्या कोर्टांवर फिरतो. संघातल्या सर्वांत तयारीच्या मुली तिथे खेळतात आणि प्रेक्षकही त्याच बाजूला सरकतात. माझी भाची उरलेल्या तीन कोर्टांवर असते. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या महिला टेनिस संघाची ती असिस्टंट कोच आहे. पुण्यात टेनिस शिकली, शिष्यवृत्तीवर तिकडे गेली, पदवी होईपर्यंत खेळली आणि मग याच पेशात राहिली. मी तिच्याकडे गेले तेव्हा फेब्रुवारी होता. बाहेर बर्फ, त्यामुळे सामने इनडोअर. मावशीचा मान म्हणून मला पुढची खुर्ची मिळाली होती, पण मी ती सोडून सहा नंबरच्या कोर्टामागे जाऊन बसले.

लढतीची रचना आधी सांगायला हवी. सुरुवातीला डबल्सचे तीन सामने, प्रत्येकी सहा गेमचा एकच सेट. त्यातले दोन जिंकणाऱ्या संघाला सगळे मिळून एक गुण. मग सहा सिंगल्स, प्रत्येकाला एक गुण. एकूण सात गुण, त्यातले चार ज्याचे त्याची लढत. ॲडव्हांटेज नसतो; ४०-४० झालं की पुढच्या एकाच पॉइंटवर गेम ठरतो आणि तो कुठल्या बाजूने खेळायचा हे रिटर्न करणारी मुलगी ठरवते. चेंडू आत की बाहेर हेही मुलीच सांगतात, पंच फार तर त्यांचा निर्णय फिरवतो. कोचला दोन पॉइंटांच्या मधे खेळाडूशी बोलायची मुभा असते.

या मुभेत भाचीची कमाई आहे. पाच नंबरवरची मुलगी ४०-४०ला दर वेळी उजव्या बाजूने रिटर्न घ्यायची आणि जोरात मारायच्या नादात नेटमध्ये घालवायची. भाची तिच्याजवळ गेली, "डावीकडून घे, उंच खेळ," एवढंच म्हणाली आणि सहा नंबरकडे निघूनही गेली. नंतर मी विचारलं, तर म्हणाली, "मावशी, मॅचमध्ये बॅकहँड शिकवायचा नसतो. दोन गोष्टी सांगायच्या. तिसरी सांगितली की पहिली विसरतात."

चौथा गुण झाला की उरलेले सामने बहुतेक वेळा तिथेच थांबवतात. त्या दिवशी सहा नंबरची मुलगी पहिला सेट जिंकून दुसऱ्यात ५-२ अशी पुढे होती, तेवढ्यात चार नंबरवर निकाल लागला आणि सगळ्या रॅकेट टाकून तिकडे धावल्या. सहा नंबरच्या नावापुढे 'अपूर्ण' लागलं. मला चुटपुट लागली, भाचीला नाही. तिचं म्हणणं असं की प्रत्येक कोर्टावरचा स्कोअर बाकीच्यांना दिसत असतो. सहा नंबर ५-२ने पुढे आहे हे दिसलं म्हणूनच चार नंबरवाली मोकळेपणाने खेळली. हे कुठल्याही आकडेवारीत येत नाही, आणि खरं तर असिस्टंटचं कामही येत नाही. जयपराजयाचा हिशेब हेड कोचच्या नावावर लागतो.

हंगामात खेळासाठी आठवड्याला २० तासांची मर्यादा असते, पण ती खेळाडूंना. कोचला कसली? भाची व्हॅन चालवते, वाटेतल्या जेवणाची ऑर्डर फोनवरून देते, कुणाची परीक्षा बुडणार असेल तर प्राध्यापकांना पत्र लिहिते. रात्री गटिंगचं मशीन. एकीला ५२ पाउंड हवेत, दुसरीला ४८, तिसरीचं मत रोज बदलतं.

पहाटेचा वेळ भरतीचा, कारण तेव्हा युरोपात दुपार असते. कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या स्तरावर, म्हणजे पहिल्या डिव्हिजनच्या महिला टेनिसमध्ये, परदेशी मुलींचा वाटा फार मोठा आहे. नियम कडक: मुलगी दहावीत असेल त्या वर्षाच्या १५ जूनपर्यंत कोचने तिच्याशी भरतीचं बोलायचं नाही. व्हिडिओ आले की भाची निवडक फटक्यांचे बाजूला ठेवते आणि हरलेल्या मॅचचा अख्खा, न कापलेला व्हिडिओ मागते. महाराष्ट्रातूनही फोन येतात. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळली, पुढे २०२३मध्ये हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकली. तेव्हा हा रस्ता पालकांना माहीत आहे. 'मॅडम'ने सुरू झालेलं बोलणं भाचीचं मराठी ऐकून 'ताई'वर येतं, आणि मग पहिला प्रश्न, स्कॉलरशिप पूर्ण ना?

२०२३च्या जुलैपर्यंत पहिल्या डिव्हिजनमध्ये 'व्हॉलंटियर कोच' अशी अधिकृत जागा होती, जिला विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने पगार द्यायचाच नाही असा नियम. भाचीने सुरुवात तिथूनच केली. उन्हाळी शिबिरांत लहान मुलांना शिकवून घरभाडं भरायचं. मला या पेशातली आणखी एक गोष्ट खटकते. १९७२ साली, शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा आला तेव्हा, कॉलेजांच्या महिला संघांच्या कोचांत नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. २०१४मध्ये त्या सुमारे ४३ टक्के उरल्या. कायद्याने मुलींच्या खेळाला पैसा मिळाला, पगार आले आणि पगारामागून पुरुष आले. भाचीचा हेड कोचही पुरुषच. माणूस चांगला आहे, पण ते वेगळं.

दुसऱ्या क्रमांकावर राहून काय होतं याचं तिचं आवडतं उदाहरण स्टॅनफर्डचं. फ्रँक ब्रेनन यांनी तिथे महिला संघाला दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. त्यांच्या हाताखाली दहाहून अधिक वर्षं असिस्टंट होत्या लीली फरूड, स्टॅनफर्डच्याच माजी खेळाडू. २००० साली त्या हेड कोच झाल्या आणि २०१९पर्यंत त्यांनीही दहा विजेतेपदं जमवली. त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं कोण होतं, तर ब्रेनन यांचा मुलगा फ्रँकी. मी म्हटलं, "हे तर आपल्याकडच्या घराण्यासारखं झालं." ती म्हणाली, "हो, पण स्टॅनफर्डला थांबणं परवडतं. बाकीच्यांचं तसं नाही." २०२५पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉलला जातो आणि कात्री लावायची वेळ आली की टेनिसचं नाव लवकर निघतं.

एका तिसऱ्या डिव्हिजनच्या कॉलेजात हेड कोचची जागा निघाली आहे. तिथे खेळाची शिष्यवृत्ती द्यायचीच नाही असा नियम, आणि या कॉलेजात असिस्टंटची जागाही नाही. "म्हणजे गटिंग मीच करणार, व्हॅनही मीच चालवणार," ती म्हणाली. "फक्त एक नंबरच्या कोर्टावरही मीच असेन." अर्ज तिने त्याच रात्री पाठवला.