कयाकिंगला जाताय? आधी तिथी बघा

आजचा भाग कोकणातल्या सकाळच्या कयाकिंगवर.

मी बेलापूरचा. नवी मुंबईचं नाही हां, श्रीरामपूरजवळचं, प्रवरेकाठचं. आमची नदी रतनगडाकडून येते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. कधीच उलटी फिरत नाही. त्यामुळे आपल्याकडची मंडळी कोकणात गेली की तिथली नदीही समुद्राकडेच वाहणार, असं धरून चालतात. तिथेच घोळ होतो.

मालवणजवळची कर्ली नदी घ्या. देवबागला एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. भरतीला समुद्राचं पाणी नदीत शिरतं, ओहोटीला बाहेर पडतं. साधारण सहा तासांनी हे चक्र उलटतं आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना फॉर्म्युला आहे: तिथीची पाऊणपट. एकादशी? अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे पूर्ण भरती सव्वाआठच्या सुमारास. हा हिशेब मुंबईकडचा. मालवणला भरती थोडी आधी येते. हा फक्त अंदाज आहे, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यातच बघा.

आता गंमत बघा. एकादशीला उजाडताच निघालात तर भरती तुम्हाला आत कांदळवनाकडे नेते आणि ओहोटी परत आणते. चतुर्थीला त्याच वेळी निघालात तर ओहोटी चालू असते, पाणी संगमाकडे ओढतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ सगळ्यात जास्त, अष्टमीच्या आसपास भांगाला कमी. नवख्या माणसाला ओहोटीविरुद्ध वल्हवत परत येणं जड जातं. म्हणून लाइफ जॅकेटचे पट्टे आवळलेले हवेत आणि सोबत तिथला जाणकार हवा.

आता पक्षी. भरतीत कांदळवनाच्या कडेने खंड्या, बगळे, ब्राह्मणी घार दिसतात. नशीब असेल तर पाणमांजरही. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखल्या खायला उतरतात. यातले बरेच हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. चिखल पुन्हा पाण्याखाली जाईपर्यंतच त्यांचं ताट वाढलेलं असतं. आपण जवळ गेलो की थवा उडतो, खाणं थांबतं, वर उडण्यात ताकद जाते.

कयाकला इंजिन नाही, म्हणून त्रास नाही, असं वाटतं. पण आवाज नसल्यामुळेच आपण वळणावरून एकदम समोर येतो आणि पक्षी जास्त दचकतात. त्यामुळे लांबूनच वल्हं थांबवा आणि दुर्बीण काढा. पक्ष्यांनी खाणं सोडून माना वर केल्या, की आपण मागे सरायचं.

तर मंडळी, बुकिंग करताना पहिला प्रश्न पैशांचा नको. ‘त्या दिवशी भरती किती वाजता?’ हे विचारा. समोरच्याला पटकन सांगता आलं नाही, तर दुसरीकडे चौकशी करा.

भेटू पुढच्या भागात!