एका गावाचा वसा, अनेक गावांचे पाणी



धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्याच्या उत्तरेस तापी वाहते आणि साक्री तालुक्यातून येणाऱ्या पांझरा व बुराई ह्या नद्या त्याच्याच भूमीतून तापीला मिळतात. तरीही हा तालुका अवर्षणप्रवणच राहिला आहे. हवामानबदलामुळे पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो, मग दीर्घ खंड पडतो आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे उभे पीक करपते. अशा वेळी एका गावाच्या प्रयत्नाने काय साधणार, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या शेजारीच आहे.

साक्री तालुक्यातील बारीपाडा ह्या आदिवासी पाड्याने चैत्राम पवार ह्यांच्या पुढाकाराने वृक्षतोडीस बंदी घातली, नियम मोडणाऱ्यास दंड ठरविला आणि सुमारे ४४५ हेक्टर वन राखले. ओढ्याविहिरींना पाणी आले, तेव्हा आसपासच्या गावांनीही तोच मार्ग धरला. २०२५ साली पवार ह्यांना पद्मश्री जाहीर झाली.

तापीपलीकडे शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर ह्यांनी २००४ पासून नाले रुंद व खोल करून बंधाऱ्यांची साखळी उभी केली. ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. परंतु पुढे अनेक ठिकाणी केवळ यंत्राने केलेल्या खोदाईचेच अनुकरण झाले. तापीकाठचा गाळाचा थर सर्वत्र नसतो. काळ्या खडकाच्या प्रदेशात पाणी वेगळ्या रीतीने मुरते. म्हणून माथ्यापासून पायथ्यापर्यंत उपचार न करता नुसते नाले खोदू नयेत, असा इशारा तज्ज्ञांनी दिला. कामाचे बाह्य रूप उचलणे सोपे असते. त्यामागील विचार रुजवावा लागतो.

तो कसा रुजतो, हे फादर हर्मन बाखर ह्या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंच्या कार्यातून उमगते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी गावांतून त्यांनी पाणलोट विकासाची चळवळ उभारली. त्यांच्याच प्रयत्नांतून १९८९ साली भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकारास आला. गावाने आधी श्रमदान करावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी आणि मगच निधी मिळावा, ही त्यातील अट होती. १९९३ साली त्यांनी क्रिस्पिनो लोबो ह्यांच्यासह गावांना प्रशिक्षण देणारी ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था स्थापिली. ह्या अनुभवाच्या आधारे १९९९-२००० मध्ये नाबार्डकडे २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी निर्माण झाला आणि मूठभर गावांतील रीत अनेक राज्यांत पोहोचली.

ह्यावरून आम्हांस तीन गोष्टी दिसतात. शेजाऱ्याला डोळ्यांनी पाहता येईल असे फळ हवे. गावाने स्वतः स्वीकारलेला नियम हवा. आणि तो अनुभव पुढे नेणारी संस्था हवी. ह्यांपैकी एक जरी उणे पडले, तरी काम वेशीपाशीच थांबते.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात सृष्टीला आपले सामायिक घर म्हटले. खमीर थोडे असले तरी सारे पीठ फुगविते, हे आपण शुभवर्तमानात ऐकतो. मात्र ते पिठात मिसळावे लागते. म्हणून शिंदखेडा परिसरातील आपल्या बंधुभगिनींना आमची विनंती आहे की, येत्या उन्हाळ्यात त्यांनी ग्रामसभेत गावाच्या माथ्यावरील उपचारांचा विषय मांडावा, सर्वधर्मीय शेजाऱ्यांसह श्रमदानास उतरावे आणि बारीपाडा एकदा अवश्य पाहून यावे.