पाण्याच्या वाटेनें

प्रवास हा श्रीमंतांचा शौक आहे, अशी आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांची समजूत असते. तीर्थयात्रा, लग्नकार्य व आजारपण या तीन निमित्तांवांचून गाडीचें तिकीट काढणें म्हणजे उधळपट्टी, असेंच आम्हीहि पुष्कळ वर्षें मानीत आलों. गेल्या मार्गशीर्षांत मात्र आम्ही उभयतां येडशीहून निघालों आणि पंढरपूर, मिरज, मालवण व कोल्हापूर असा नऊ दिवसांचा फेरा करून परत आलों. त्यांत खर्च किती झाला व आम्ही शिकलों काय, हें येथें सांगण्याचा विचार आहे. कारण "पुढच्या वर्षीं पाहूं" या शब्दांवर आमच्यासारखीं अनेक घरें अजून अडून बसलीं असतील.

येडशी हें धाराशिव जिल्ह्यांतील एक लहानसें गांव. पण रेल्वेशीं त्याचा ऋणानुबंध जुना आहे. कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरनें उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्यें कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावूं लागली व १९११ मध्यें लातुरास पोंचली. दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट! जिल्ह्याच्या शहराला तेव्हां स्टेशन नव्हतें. तिकडील मंडळी गाडीसाठीं येडशीस येत. २००७-०८ च्या सुमारास हा मार्ग रुंद झाला, धाराशिव शहरहि रुळांवर आलें आणि आमच्या स्टेशनाचा मान थोडा उतरला. रामलिंगाच्या दरींतील झाडी व तेथील वानरसेना मात्र होती तशीच आहे.

याच रुळांवरून २०१६ च्या एप्रिलांत पाण्याची गाडी गेली. लातूर शहर तहानेनें व्याकुळ झालें होतें. मिरजेहून कृष्णेचें पाणी भरून सुमारें ३४० किलोमीटर आणावयाचें, असें ठरलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी लातुरास पोंचली. तिला दहा टांक्या होत्या व पाणी सुमारें पांच लाख लिटर होतें. पुढें पन्नास टांक्यांच्या गाड्या येऊं लागल्या. त्या उन्हाळ्यांत आमचाहि आड आटला होता. सौभाग्यवती तांब्यानें मोजून पाणी देई, आणि तांदूळ धुतलेलें पाणी तुळशीला घाली. एके दिवशीं ती लांबलचक गाडी स्टेशनांतून जातांना आम्ही दोघें फलाटावर उभे होतों. ती म्हणाली, "अहो, हें पाणी येतें कोठून तें एकदां पाहूं. आणि शेवटीं जातें कोठें, तेंहि."

आम्ही पडलों शिक्षक. कृष्णा पूर्ववाहिनी असून बंगालच्या उपसागरास मिळते, हा भूगोल आम्हीं तेथल्या तेथें सांगितला. "मग जवळचा समुद्र दाखवा," असें तिनें शांतपणें उत्तर दिलें. तिची पन्नाशी उलटली होती आणि समुद्र तिनें चित्रांतच पाहिला होता.

त्यावर "पुढच्या वर्षीं" म्हणून आम्हीं वेळ मारून नेली. मग मुलीचें लग्न निघालें, २०२० ची साथ आली, घराच्या पडवीचें काम उपटलें. गेल्या श्रावणांत डॉक्टरांनीं तिचे गुडघे तपासून सांगितलें, कीं दोन-तीन वर्षांत पायऱ्या चढणें कठीण होईल. आपण ज्याला पुढें ढकलणें म्हणत होतों तें वस्तुतः नाकारणेंच होतें, हें तेव्हां कोठें आमच्या ध्यानांत आलें.

चिरंजीव मोटार करून देण्यास तयार होता. पण आपल्या निवृत्तिवेतनांत बसेल तेवढाच प्रवास करावयाचा, असें आम्हीं ठरविलें. पहिला मुक्काम पंढरपूर. भक्तनिवासांत स्वस्त खोली मिळाली, विठ्ठलाचें दर्शन झालें, चंद्रभागेच्या वाळवंटांत संध्याकाळ गेली. या परिसरांतले मोठे भोपळे मिरजेस जातात व तेथील कारागीर त्यांचे तंबोरे आणि सतारी करतात. २०२४ मध्यें त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनहि मिळालें. दुसरे दिवशीं मिरजेंत एका कारखान्यापुढें आम्ही तासभर उभे राहिलों. काल शेतांत लोळणारा भोपळा आज सुरांत बोलतो, याचें सौ.ला फार नवल वाटलें. दुपारीं कृष्णेवर जाऊन तिनें पाण्याला हात लावला व तो डोळ्यांना लावला. बोलली कांहींच नाहीं.

मडगांवची गाडी मिरजेस पहांटे होती. अर्ध्या रात्रीसाठीं खोली कशाला, असें म्हणून आम्हीं फलाटावरच मुक्काम ठोकला. सौ. रात्रभर ट्रंकेला टेकून बसली. सकाळीं गाडी घाटांत शिरली, दूधसागराची धार पुलाशेजारीं कोसळतांना दिसली. सारा डबा खिडक्यांकडे धावला, पण तिला उठवेना. पाय सुजून पादत्राणांत मावत नव्हते. मडगांवास एक दिवस निजून काढावा लागला. तेथें ती म्हणाली, "तुमच्या वहींत चारशें रुपये वांचले. ते माझ्या पायांतून गेले."

हें वाक्य आम्हांला फार लागलें, कारण तें खरें होतें. निघण्याच्या आदल्या रात्रीं बारा वाजेपर्यंत जागून तिनें दशम्या व शेंगदाण्याची चटणी केली होती. तीहि बचत आमच्या वहींत आमच्याच नांवें जमा होती! आपल्या घरांतील काटकसर बहुधा अशीच चालते: आंकडे पुरुष लिहितो आणि रक्कम गृहिणीच्या अंगांतून वळती होते. त्या दिवशीं आम्हीं नियम केला, कीं जी बचत एकट्याच्याच अंगावर पडेल ती बचत धरावयाची नाहीं. यापुढें खोलीवांचून रात्र काढावयाची नाहीं, आणि स्वयंपाकाला सुट्टी.

मडगांवहून कोंकण रेल्वेनें कुडाळ गांठलें. डोंगर फोडून व नद्यांवर पूल बांधून झालेला हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजीं पूर्ण खुला झाला. कुडाळाहून एस.टी.नें मालवण. वळणावर माडांच्या मधून निळी पट्टी दिसली तेव्हां सौ.नें विचारलें, "हें आभाळ कीं पाणी?" तीन दिवस एका घरगुती खानावळींत राहिलों. सकाळ-संध्याकाळ ती लाटांत घोट्यापर्यंत उभी राही. आम्ही वाळूवर बसून वही न उघडतां पाहत असूं.

तिसऱ्या दिवशीं होडीनें सिंधुदुर्गावर गेलों. शिवछत्रपतींनीं १६६४ मध्यें कुरटे बेटावर या दुर्गाचें बांधकाम आरंभिलें. चारी बाजूंनीं खारट समुद्र. पण आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! किल्ल्यांतील एका गृहिणीनें आम्हांस तांब्याभर पाणी दिलें. सौ.नें घोट घेतला, थोडा वेळ तोंडांत धरला, आणि म्हणाली, "गोड आहे." तांब्यांत उरलेलें पाणी तिनें सांडलें नाहीं, अंगणांतल्या तुळशीला घातलें.

सह्याद्री ओलांडून मालवणाहून कोल्हापूरला जाण्यास रेल्वे नाहीं, म्हणून पुनः एस.टी. महिलांना मार्च २०२३ पासून तींत अर्धें भाडें पडतें, व आमच्या वयालाहि तीच सवलत आहे. रेल्वेंतील ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्यें बंद झाली. कोल्हापुरीं अंबाबाईचें दर्शन घेऊन व रंकाळ्याच्या कांठीं बसून आम्ही १८९१ सालच्या जुन्या मार्गानें मिरजेस आणि तेथून घरीं परतलों.

एकंदर हिशेब असा: रेल्वे १,६०० रुपये, एस.टी. व रिक्षा ९००, सात रात्रींच्या खोल्या ४,५००, जेवणखाण ३,६००, होडी व किरकोळ ९००, एकूण ११,५००. फलाटावरची आठवी रात्र फुकट गेली असें वहींत दिसतें; पण सर्वांत महाग तीच पडली.

वाचकांपैकीं ज्यांना असा बेत करावयाचा असेल त्यांनीं तो अवश्य करावा, आणि खर्चाची वही सहधर्मिणीच्या हातीं द्यावी. आमच्या घरीं ती आतां तिच्याकडेच आहे. पुढच्या पानावर तिनें "पैठण" असें लिहिलें असून, पुढें महिनाहि घातला आहे.