वाऱ्याची गरज संपली, पण कोळशाची सुरू झाली! मुंबईत बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ आगबोटीची गोष्ट

मालवण : मचव्यात बसून खोल पाण्यातली आगबोट पकडल्याच्या आठवणी देवगड, मालवण, वेंगुर्ल्याची जुनी माणसं आजही सांगतात. पण आगबोट या किनाऱ्यावर आली ती आधी सरकारी आरमारात. त्यातलं पहिलं मोठं नाव म्हणजे ‘ह्यू लिंडसे’.

मुंबईत बांधणी
ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई गोदीत नौरोजी जमशेटजी वाडिया यांनी ही ४११ टनांची बोट बांधली. १४ ऑक्टोबर १८२९ रोजी ती पाण्यात उतरली. तिला प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं होती. बॉयलरमधल्या वाफेच्या जोरावर दोन्ही बाजूंची रहाटासारखी मोठी चाकं फिरत आणि बोट पुढे जाई.

पहिली सफर
तेव्हा इंग्लंडची टपाल शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून जायची. त्यात चार-सहा महिने सहज मोडत. तांबड्या समुद्रातून जवळची वाट काढायला कमांडर जॉन विल्सन २० मार्च १८३० रोजी बोट घेऊन मुंबईहून सुएझकडे निघाले.

खरी अडचण कोळशाची
बोटीत कोळशाची जागा होती जेमतेम साडेपाच दिवसांची. एडन मात्र ११ दिवसांवर. म्हणून खोल्यांतही कोळसा भरला. ओझ्याने बोट पाण्यात खोल बसली. एडनला पोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता! पुढचा साठा आधीच शिडाच्या जहाजाने धाडलेला होता. म्हणजे आगबोट चालवायलाही शीड लागलंच. बोट २२ एप्रिलला सुएझला पोचली.

त्यानंतरही ती सुएझच्या फेऱ्या करत राहिली. १८३८ मध्ये इराणच्या आखातातील खार्ग बेटावर फौज नेणाऱ्या मोहिमेतही ती होती.

परिणाम काय झाला?
वाटेत हक्काचा कोळसा हवा, हे या सफरीने सिद्ध केलं. जानेवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन जिंकून घेतलं, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. इंजिनाने वाऱ्यावरची भिस्त कमी केली, पण इंधन जिथे मिळेल ते बंदर ताब्यात ठेवण्याची गरज निर्माण केली.

समुद्रात जाण्याआधी परतीच्या डिझेलचा हिशेब घालणाऱ्या आपल्या ट्रॉलरवाल्याला हे वेगळं सांगायला नको.