परदेशात जमवलेला शिक्षणनिधी शाळेपर्यंत कसा पोचतो?

परदेशी शिकायला गेलेली आपली मुलं तिकडे समोसे विकून, गाण्याचे कार्यक्रम करून, मॅरेथॉन धावून इथल्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी पैसे जमवतात, हे आपण ऐकलेलं असतं. त्यांचं कौतुकही करतो. पण पुढचा प्रवास आपण फारसा बघत नाही. तिकडे गोळा झालेला डॉलर खेड्यातल्या शाळेतल्या बाईंचा पगार कसा होतो?

'आशा फॉर एज्युकेशन'चं उदाहरण घेऊ. संदीप पांडे, दीपक गुप्ता आणि व्ही. जे. पी. श्रीवास्तव यांनी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात ही संस्था सुरू केली. (पांडे यांना २००२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.) अमेरिकेत गावोगावी तिचे गट आहेत, आणि काम स्वयंसेवकांवर चालतं. भारतातून शाळेचा प्रस्ताव आला की गटातली मंडळी बसून त्याची चिरफाड करतात. मग एकजण त्या प्रकल्पाचा पालक होतो. फोन करणं, हिशेब मागणं हे त्याच्याकडे. सुट्टीत भारतात आलेलं कुणीतरी शाळा प्रत्यक्ष बघून येतं.

आता खरी अडचण बघा. मूल पहिलीतून दहावीपर्यंत जायला दहा वर्षं लागतात, आणि मास्टर्स करणारा विद्यार्थी त्या विद्यापीठात असतो जेमतेम दोन वर्षं! शाळेचा मोठा खर्च म्हणजे शिक्षकांचा पगार, तो दर महिन्याला उभा. संगणक दिला तर फोटो निघतो, पगाराचा काय फोटो काढणार? म्हणून आमच्या मते गटाची परीक्षा त्यानं किती जमवलं यात नाही. जुना स्वयंसेवक गेल्यावर नवा ती शाळा सांभाळतो का, यात आहे.

दुसरी अडचण कायद्याची. भारतीय नागरिकानं परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे बँकेमार्फत शाळेला पाठवले, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. तेच पैसे त्यानं अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेला दिले आणि संस्थेनं पाठवले, की ती विदेशी देणगी. मग विदेशी देणगी कायद्याखाली इथल्या संस्थेला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उतरतो. कार्यालयीन खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. आणि एका संस्थेनं घेऊन दुसरीला देणं पूर्ण बंद झालं.

हे शेवटचं कलम सगळ्यात जाचक. डोंगरातल्या दोन खोल्यांच्या शाळेला दिल्लीचं खातं आणि दरवर्षीचं विवरणपत्र झेपत नाही. पूर्वी नोंदणी असलेली मोठी संस्था पैसे घेऊन अशा छोट्या नोंदणीकृत संस्थांना पुढे देऊ शकत होती. आता तिला ती शाळा स्वतःच चालवावी लागते, नाहीतर शाळेनं इथल्या इथेच देणगीदार शोधायचे.